रस्ता आधी की केबल? परभणी जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीच्या निर्णयाचा अभ्यास

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगरपट्ट्यातील एका ग्रामपंचायतीने २०२४-२५ च्या विकास आराखड्यात पोचरस्त्याच्या वार्षिक डागडुजीवरचा खर्च थांबवला. तो पैसा तिने गावातील बंद पडलेली इंटरनेट जोडणी सुरू करण्याकडे आणि ती इंधनावाचून चालू ठेवण्याकडे वळवला. रस्त्यासाठी उपोषणे आणि मतदानावर बहिष्काराचे इशारे जेथे नित्याचे आहेत, तेथे हा निर्णय सहज झालेला नाही. तो कोणत्या विचाराने घेतला गेला, कोठे फसला आणि कोणाला महागात पडला, याची ही नोंद आहे. गावाचे व व्यक्तींचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गाव राज्य महामार्गावरील फाट्यापासून साधारण चार किलोमीटर आत आहे. त्यापुढे डोंगराच्या अंगाला एक तांडा असून तो याच ग्रामपंचायतीत येतो. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता पूर्वी एका योजनेतून डांबरी झाला होता. आता डांबर तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. रस्त्याचा बराचसा भाग काळ्या रानातून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खालचा थर पुरेसा जाड नसेल आणि कडेच्या चरांतून पाण्याचा निचरा होत नसेल, तर वरचे डांबर कितीही चांगले टाकले तरी ते दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही. वाटेत दोन ओढे आडवे येतात, एक गावाजवळ आणि दुसरा फाट्याजवळ. दोन्ही ठिकाणी जुन्या फरश्या होत्या व पूर आला की पाणी त्यांच्यावरून वाहत असे.

ग्रामपंचायतीच्या हातातला पैसा म्हणजे तेव्हा मुख्यतः पंधराव्या वित्त आयोगाचा निधी होता. त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम गावाच्या गरजेनुसार खर्च करता येत होती, मात्र पगार व आस्थापनेवर नाही. या आकाराच्या गावाच्या अबंधित हिश्शातून चार किलोमीटरचे डांबरीकरण कधीच होऊ शकत नाही. असा रस्ता जिल्हा परिषदेच्या रस्ते-पुलांसाठीच्या ३०५४ किंवा ५०५४ या लेखाशीर्षांतून अथवा ग्रामसडक योजनेतून व्हावा लागतो. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक आल्यामुळे पाठपुरावा करणारा, या गटातून निवडून आलेला सदस्यही उरलेला नव्हता. परिणामी ग्रामपंचायत दरवर्षी मे महिन्यात अबंधित निधीतून मुरूम टाकत होती आणि ऑगस्टपर्यंत काळी माती तो गिळून टाकत होती. आराखड्यातील या बाबीवर कोणी आक्षेप घेत नसे, कारण मुरूम पडताना सर्वांना दिसत असे.

तेलाचा संदर्भ येथे का येतो, हे सांगणे आवश्यक आहे. देशातील खनिज तेलाचे उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३८ दशलक्ष टन होते. २०२२-२३ पर्यंत ते २९ दशलक्ष टनांच्या आसपास उतरले. याच काळात वापर वाढत गेला आणि आयातीवरचे अवलंबित्व ८५ टक्क्यांच्या पुढे गेले. परभणीला पेट्रोल-डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरने येते. हे अंतर सुमारे ३०० किलोमीटरचे असल्याने राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत परभणीचे नाव वारंवार येते. जगातील तेल केव्हा घटू लागेल याचे भाकीत करणारे अनेकदा तोंडघशी पडले आहेत: अमेरिकेचे उत्पादन १९७० मध्ये शिखर गाठून घसरले खरे, पण शेल तेलामुळे २०१८ मध्ये ते शिखर पुन्हा ओलांडले गेले. एका गावाला मात्र असे भाकीत करण्याची गरजच नसते. पुरवठ्याच्या साखळीच्या शेवटच्या टोकावर असलेल्या गावासाठी टंचाई आणि दरवाढ यांत फारसा फरक नसतो, आणि दोन्हींची चव त्याने आधीच घेतलेली असते.

समस्या

१ जानेवारी २०२४ रोजी अपघातासंबंधीच्या नव्या कायद्यातील तरतुदींविरुद्ध टँकरचालकांनी काम थांबवले, पानेवाडीतील भरणा अडला आणि पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी रात्री तोडगा निघाला, तरी गावातील ॲपे आणि काळीपिवळी त्यानंतरही एक-दोन दिवस उभ्याच होत्या. त्या काळात एका शेतकऱ्याचे बँकेतील काम राहिले आणि रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाइलवर चढवण्यासाठी फाट्यापर्यंत जाणारा रोजगारसेवक गावातच अडकला. प्रसंग किरकोळ होते. परंतु २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नेहमीप्रमाणे मुरुमाचा ठराव आला, तेव्हा सरपंचताईंनी एक साधा प्रश्न विचारला: या रस्त्यावरून माणसे नेमकी कशासाठी जातात?

उत्तर कोणालाच नेमके देता आले नाही. म्हणून बचतगटाच्या महिलांनी आणि शाळेतील शिक्षकांनी एक बाजाराचा व एक साधा दिवस फाट्यावर बसून जाणाऱ्या प्रत्येकाला कामाचे स्वरूप विचारले. जाणकारांच्या अंदाजाला छेद देणाऱ्या दोन गोष्टी त्यातून पुढे आल्या.

पहिली अशी की, जाणाऱ्यांत सर्वांत मोठा गट माल घेऊन जाणाऱ्यांचा नव्हता, रुग्णांचाही नव्हता. तो कागद घेऊन जाणाऱ्यांचा होता. बँकेतून पैसे काढणे, केवायसी, सातबारा, पीक विम्याची तक्रार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणे अशा कामांसाठी माणसे पेट्रोल जाळून तालुक्याला जात होती आणि बहुतेकांना ते काम एका खेपेत पूर्ण होईल याची खात्री नव्हती.

दुसरी गोष्ट हंगामाविषयीची होती आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तीच आहे. गावाचा जड माल, म्हणजे सोयाबीन आणि कापूस, दसऱ्यानंतर बाहेर पडतो. बियाणे आणि खत पावसाआधी आत येते. रस्ता सर्वांत वाईट असतो तो जुलै ते सप्टेंबर या काळात, आणि तेव्हा युरियाच्या काही गोण्या सोडल्या तर माल जवळजवळ हलतच नाही. त्या महिन्यांत ज्यांना जावेच लागते ते रुग्ण, बाळंतीण आणि शाळकरी मुले असतात. त्यांना गुळगुळीत रस्त्यापेक्षा दोन ओढे ओलांडता येणे अधिक महत्त्वाचे असते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा होता: मुरूम टाकत राहायचे आणि आमदार निधीची वाट पाहायची. त्याची राजकीय सोय स्पष्ट होती. परंतु डांबर हा खनिज तेल शुद्ध करताना मागे उरणारा जड भाग असल्याने तेल महागले की डांबर महागते, खडी वाहून आणणारा हायवा ट्रक महागतो आणि रोलरही महागतो. ज्या रस्त्यासाठी गाव थांबले होते, त्याचे अंदाजपत्रक दरवर्षी गावापासून अधिक दूर जात होते. रस्ता बांधायलाही तेल लागते आणि वापरायलाही, ही गोष्ट ग्रामसभेत कोणी इतक्या शब्दांत मांडली नाही. पण गावातील एका गुत्तेदाराने तीन वर्षांतील दरांतला फरक सांगितला, तेव्हा ती सर्वांना उमगली.

दुसरा पर्याय मोबाइल टॉवर मागण्याचा होता. तरुणांचा कल याच बाजूला होता. अडचण अशी की, टॉवर उभारणे कंपनीच्या हिशोबावर अवलंबून असते, ग्रामपंचायतीच्या ठरावावर नव्हे. शिवाय या भागात वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास पुरते आणि पुढे जनरेटरला डिझेल लागते. ज्या टंचाईतून मार्ग काढायचा, तिच्याच भरवशावर उभी असलेली सोय निवडणे शहाणपणाचे नव्हते.

तिसरा पर्याय पंचायतीच्या भिंतीवरच टांगलेला होता. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोचवणाऱ्या केंद्राच्या भारतनेट योजनेतील ऑप्टिकल फायबर काही वर्षांपूर्वी कार्यालयापर्यंत आले होते. केबल जिला जोडायची ती इंटरनेटची डबी होती, छतावर लहान सौर पॅनेल होते, बॅटरी निकामी झाली होती आणि केबल वाटेत कोठेतरी तुटलेली होती. अशा डबीला ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते. जमिनीत नीट पुरलेली काचतंतूची केबल वीस-पंचवीस वर्षे टिकू शकते. टिकत नाही ती बॅटरी, आणि टिकू दिली जात नाही ती केबल, कारण रस्त्याच्या कडेला खोदणाऱ्या प्रत्येक जेसीबीच्या वाटेत ती येते.

चौथा पर्याय ग्रामविकास अधिकाऱ्यांनी सुचवला. रस्त्याचा पृष्ठभाग आहे तसा सोडायचा, फक्त दोन्ही ओढ्यांवर नळकांडी मोऱ्या, म्हणजे पाइप टाकून केलेले लहान पूल, बांधायच्या, आणि उरलेला पैसा केबल, बॅटरी व सेवा केंद्राच्या खोलीसाठी वापरायचा. एका मोरीचा खर्च एका वर्षाच्या अबंधित निधीत कसाबसा बसत होता. त्यामुळे दोन्ही मोऱ्या एकाच वर्षी आपल्या पैशातून होणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होते.

ग्रामसभेतील विरोध सौम्य नव्हता. एका ज्येष्ठ शेतकऱ्याने उभे राहून विचारले, "सरपंचताई, वायरीतून सोयाबीन जातंय व्हय?" सभेत हशा पिकला, पण प्रश्न रास्त होता आणि त्याला उडवून लावणे चुकीचे ठरले असते. सरपंचताईंनी फाट्यावरची नोंदवही काढून त्या दिवशी किती माणसांच्या हातात पिशवी होती आणि किती जणांच्या हातात फक्त फाइल होती, ते वाचून दाखवले. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. निधी दूरसंचारावर खर्च करता येईल का, ही शंका लेखापरीक्षणाच्या भीतीने आली. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील तेराव्या विषयात रस्ते, पूल यांच्याबरोबरच दळणवळणाची अन्य साधनेही येतात, हे दाखवल्यावर ती मिटली.

निर्णय आणि अंमलबजावणी

ग्रामसभेने चौथा पर्याय स्वीकारला. कामांचा क्रम ठरवणे हा खरा कठीण भाग होता. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता केव्हाही लागेल अशी स्थिती होती, आणि कार्यारंभ आदेश तिच्या आधी निघाला नाही तर पावसाळ्याआधी काहीच होणार नव्हते. रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून जिल्हा परिषदेच्या नोंदीत असल्याने बांधकाम विभागाचे ना हरकत पत्रही लागत होते. ग्रामपंचायतीने गावाजवळच्या ओढ्यावरील मोरीचे काम आधी घेतले. तिचे अंदाजपत्रक लहान होते, जागा गावच्या नजरेसमोर होती आणि आदेश वेळेत निघण्याची शक्यता अधिक होती. १६ मार्च २०२४ रोजी आचारसंहिता लागली, तेव्हा या मोरीचे पाइप जागेवर येऊन पडले होते. फाट्याजवळच्या ओढ्याची मोरी आमदार निधीतून मागण्याचे ठरले व ती पुढे ढकलली गेली.

केबलचे काम त्या मानाने झटपट झाले. शेजारच्या मोठ्या गावातील एका केबल व्यावसायिकाने भारतनेटच्या उद्यमी योजनेखाली जोडण्या देण्यास सुरुवात केली होती. त्याच्याशी बोलणे झाले. यंत्र लावून तुटलेली जागा शोधली तेव्हा एकाऐवजी तीन ठिकाणी केबल तुटलेली निघाली, आणि तिन्ही ठिकाणी अलीकडेच खोदकाम झालेले होते. यावरून धडा घेऊन मोरीच्या बांधकामातच केबलसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवण्यात आला. त्याचा वेगळा खर्च जवळजवळ शून्य होता. पूल किंवा मोरी बांधताना असा पाइप टाकणे प्रत्येक अंदाजपत्रकात सक्तीचे का नसावे, हे मला आजही कळलेले नाही.

पंचायत कार्यालयाची वीज थकबाकीमुळे अधूनमधून तोडली जात असे, म्हणून बॅटरी व सौर पॅनेलची जोडणी कार्यालयाच्या मीटरपासून पूर्णपणे स्वतंत्र ठेवली गेली. शिसे-आम्लाच्या बॅटरीऐवजी महाग असली तरी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली, आणि ती लोखंडी जाळीच्या कपाटात कुलपाखाली ठेवली. कार्यालय, शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र या चार ठिकाणी जोडणी दिली. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाला खोली विनाभाडे देण्यात आली. अट एवढीच की दरपत्रक भिंतीवर लावायचे आणि बाजाराच्या दिवशीही केंद्र बंद ठेवायचे नाही. बचतगटातील एका महिलेने बँकमित्र म्हणून काम सुरू केले.

निष्पत्ती

पहिली खरी कसोटी सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत लागली. परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. गावाजवळच्या मोरीवरून पाणी गेले नाही. फाट्याजवळचा ओढा मात्र तुंबला आणि रस्ता तिथेच बंद झाला. चार किलोमीटरपैकी साडेतीन किलोमीटर जाता येत होते, ज्याचा उपयोग कोणालाही नव्हता.

केबल चालू राहिली. त्या वर्षीच्या पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक होते, आणि शिवारात पाणी असताना शेतकरी गावातूनच ती देऊ शकले. वीज नसलेल्या दोन्ही रात्री पंचायतीच्या खोलीत लोक फोन हातात घेऊन बसले होते. विम्याचे संकेतस्थळ संथ होते व अनेकांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले, तरी तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहण्याचा मार्ग त्या दिवसांत कोणासाठीच खुला नव्हता. त्याच काळात उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊन एका मुलाचा ताप गावातच हाताळला. एका गरोदर महिलेला मात्र ट्रॅक्टरवरून ओढा ओलांडून न्यावे लागले, आणि तेथे केबलचा उपयोग १०८ ची रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर बोलावून ठेवण्यापुरताच झाला.

कागदासाठीच्या खेपा निश्चितपणे कमी झाल्या, पण अपेक्षेइतक्या नाहीत. यास दोन कारणे होती. काही कार्यालये ऑनलाइन अर्जानंतरही छापील प्रत समक्ष आणून देण्यास सांगत, त्यामुळे गावात भरलेला अर्ज घेऊन माणूस पुन्हा फाट्यावर उभा राहत असे. आणि शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांचे अंगठे यंत्र स्वीकारत नसे. त्यांना पैशासाठी बँकेतच जावे लागले. ज्यांना प्रवास सर्वांत जड जातो, त्यांचाच प्रवास वाचला नाही.

कोणीही न ताडलेला परिणाम वाहनांच्या बाबतीत झाला. कागदासाठी जाणारी माणसेच ॲपे आणि काळीपिवळीची रोजची भरती होती. ती घटल्यावर दोन चालकांनी सकाळची फेरी बंद केली आणि तालुक्याच्या शाळेत आठवीच्या पुढे शिकणाऱ्या मुलींची अडचण झाली. जानेवारी २०२५ पर्यंत तीन मुली शाळेत अनियमित झाल्याचे शिक्षकांच्या लक्षात आले. सरपंचताईंनी एसटीच्या आगाराकडे मानव विकास कार्यक्रमातील, शाळकरी मुलींसाठीची बस मागितली. बस फाट्यापर्यंत येतच होती. आत येण्यासाठी फाट्याजवळच्या ओढ्यावर मोरी हवी, असे उत्तर मिळाले. ती मोरी आमदार निधीतून मे २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि जूनपासून बस गावात येऊ लागली. खड्डे तसेच आहेत, बस हळू चालते, पण चालते. एका बसच्या डिझेलमध्ये जेवढ्या मुली जातात, तेवढ्यांसाठी पूर्वी पाच-सहा ॲपे लागत असत. इंधनाच्या हिशोबात हा सर्वांत मोठा लाभ ठरला, आणि तो केबलमुळे न होता मोरीमुळे झाला.

वेगळे काय करता आले असते

मोऱ्यांचा क्रम हा पहिला मुद्दा. गावाजवळची मोरी प्रथम घेण्यामागे प्रशासकीय कारण समर्थनीय होते, परंतु रस्ता ज्या जागी सर्वांत आधी तुटतो ती जागा फाट्याजवळची होती, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक होते. आचारसंहितेआधी एकच आदेश निघणार असेल तर तो त्या ओढ्याचा निघावा, यासाठी अंदाजपत्रक डिसेंबरमध्येच तयार करून ठेवावे लागले असते. जानेवारीच्या ग्रामसभेनंतर कागद हलवायला सुरुवात केल्याने सोपे काम आधी झाले.

दुसरा मुद्दा नोंदवहीचा. फाट्यावर बसून विचारताना प्रत्येकाचे काम नोंदले गेले, तो कोणत्या वाहनाने जातो आणि त्याच वाहनात आणखी कोण असते, हे नोंदले गेले नाही. तो एक रकाना वाढवला असता तर मुलींची सकाळची फेरी कागदवाल्यांच्या भाड्यावर चालते हे आधीच दिसले असते, आणि बसची मागणी एक वर्ष आधी करता आली असती. ज्यांनी प्रवास सोडला त्यांचा हिशोब ठेवताना, प्रवास सोडू न शकणाऱ्यांचे भाडे कोण भरत होते, तेही पाहायला हवे होते.

चालकांशी आधी बोलणे झाले असते, तर कदाचित एखादी फेरी ग्रामपंचायतीच्या मदतीने टिकवता आली असती. त्यांना ग्रामसभेत कोणी विचारलेच नाही. आणि त्यांच्यापैकी एकाने गाडी विकून सध्या मुंबई गाठली आहे.

केबलची देखभाल ही उरलेली चिंता आहे. पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनच्या खोदकामात ती फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तुटली आणि जोडायला अकरा दिवस लागले. खोदकामाआधी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारचे कॉल बिफोर यू डिग ॲप मार्च २०२३ पासून उपलब्ध आहे, पण जेसीबीच्या चालकाला ते ठाऊक नव्हते. आता गावात खोदकाम करणाऱ्याला पंचायतीतून केबलचा नकाशा घेतल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, असा ठराव आहे. केबल वरच्या बाजूला एकाच मार्गाने जोडलेली असल्याने तालुक्याच्या ठिकाणी वीज गेली, तर गावातील बॅटरी भरलेली असूनही काही उपयोग होत नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वर्तुळाकार, म्हणजे एक बाजू बंद पडली तरी दुसरीकडून चालणारी जोडणी धरलेली आहे. ती येईपर्यंत हा दुवा कच्चाच राहील.

बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागेल. त्यासाठी सेवा केंद्राच्या उत्पन्नातून दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली जाते, पण ती अपुरी पडण्याची शक्यता दिसते. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी एप्रिल २०२६ पासून सुरू होत असल्याने त्या वर्षाच्या आराखड्यावर ग्रामसभेत चर्चा झाली, तेव्हा दोन मागण्या समोर आल्या. गावातील तरुणांना केबल तांड्यापर्यंत न्यायची आहे. तांड्यावरील बहुतेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांचे म्हणणे असे की, आमचा फोन आमच्याबरोबर फिरतो, घरी आल्यावर आम्हाला आजारी माणूस उतरवायला वाट हवी आहे. तांड्याच्या वाटेवर एकच ओढा आहे. त्यावरची मोरी की केबलचा खांब, यावर पुन्हा नोंदवही घेऊन बसायचे ठरले आहे, आणि या वेळी ती तांड्यावरची माणसे परतल्यानंतर, त्यांच्याच वाटेवर.